आधी रंग, मग कागद

घर विकायला काढले की एजंट पहिल्यांदा रंगाचे सांगतो. कोथरूडचा आमचा फ्लॅट गेल्या महिन्यात विकायला काढला तेव्हा त्याने तेच सांगितले: भिंती पांढऱ्या करा, गळका नळ बदला, माळा रिकामा करा. मी सगळे केले. माळ्यावरून तांब्याचा बंब, मोडका पाळणा आणि वडिलांनी जपलेल्या लाईट बिलांचे गठ्ठे निघाले. (बिले फेकवेनात. बँकेतल्या माणसाला पावती फेकणे जमत नाही.) कालनिर्णय टांगलेले असे तो चौकोन मात्र रंगाचे दोन हात देऊनही पुसटसा दिसतोच आहे.

पण घर खरे तयार होते ते कागदांनी. कर्जखात्यात असताना मी शेकडो फायली पाहिल्या. घेणाऱ्याची बँक भिंतींना भुलत नाही. तिच्या पॅनेलवरचा वकील ३० वर्षांचा शोध घेतो, करारांची साखळी तपासतो, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावे आहे ते पाहतो. आमच्या सर्टिफिकेटवर वडिलांनंतर माझे नाव लागले, कारण नॉमिनी मी. पुष्कळांना वाटते, नॉमिनी म्हणजे मालक. तो मालक नव्हे. वारसांच्या वतीने सांभाळणारा. वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते, आई आधीच गेलेली. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने त्यांच्या स्वकष्टार्जित घरात ताईचा आणि माझा वाटा सारखा. त्यासाठी २००५च्या दुरुस्तीचीही गरज नव्हती.

वकिलांनी हक्कसोडपत्राचा मसुदा दिला. बहिणीची सही घ्या, नोंदणी करा, झाले! अशी किती हक्कसोडपत्रे मी फायलींना लावली असतील. 'स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता' हे वाक्य ठरलेले. त्या बायकांना कुणी विचारले होते का, हे पाहणे माझ्या कामात बसत नव्हते.

ताईने चष्मा लावून मसुदा दोनदा वाचला.

"अरे, स्वखुशीने असं मी कधी म्हणाले?"

मला उत्तर सुचले नाही. वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांत रात्रीची जागरणे तिने केली होती, आणि एजंटशी बोलताना मी बिनदिक्कत 'माझा फ्लॅट' म्हणत होतो.

मसुदा परत पाठवला. करारावर विकणार म्हणून दोघांची नावे येतील, चेकही दोन निघतील. येत्या रविवारी गिऱ्हाईक घर पाहायला येणार आहे. चहाचं मी बघते, ताई म्हणाली, तू तेवढा तो बंब घासून ठेव, तो मी नेणार आहे.