विमानातला तिसरा माणूस

येडशीवरून धावणाऱ्या बार्शी लाइटच्या इंजिनात ड्रायव्हरजवळ फायरमन असे, हे वाशीकरांना सांगायला नको. विमानातही दोन वैमानिकांच्या पाठीमागे फ्लाइट इंजिनिअर बसे. फरक इतकाच, की त्याच्या हाताला कोळसा लागत नसे. एअर इंडियाने १९७१ साली आणलेल्या पहिल्या जंबोत इंधन, तेल, वीज, हवेचा दाब, साऱ्या काट्यांवर त्याचीच नजर. १९८६ साली आलेल्या एअरबस ३१० मध्ये हे काम संगणकाने उचलले. यंत्राशी आमचे वैर नाही. अमेरिकेत वैमानिकांची संघटना तिसऱ्या माणसासाठी झगडली. १९८१ साली तिथल्या सरकारी समितीने दोघे पुरेसे, असा निर्वाळा दिला. समितीपुढे प्रश्न सुरक्षिततेचा होता; वाचलेला पगार कोणाच्या खिशात जायचा, हा नव्हता. १९९३ साली आलेल्या नव्या जंबोतही ती खुर्ची नव्हती.