पर्सनल ब्रँड : बोली लपवायची की मिरवायची?

दिंद्रुडहून पुण्याला मुलाखतीसाठी जाणारे अनेक तरुण आधी आपली बोली लपवतात. चकाचक फोटो, इंग्रजी प्रोफाइल म्हणजेच 'पर्सनल ब्रँड', असा समज. प्रत्यक्षात आपल्यामागे लोक आपल्याविषयी जे सांगतात, तो ब्रँड. मराठवाड्याच्या मकरंद अनासपुरे यांनी बोली सोडली नाही. 'कायद्याचं बोला'मध्ये (२००५) तीच गाजली. दुष्काळग्रस्त शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ मध्ये नाना पाटेकरांसह 'नाम फाउंडेशन' उभारताना हीच ओळख कामी आली. अर्थात नुसत्या बोलीवर भागत नाही, काम चोख लागते. म्हणून लिंक्डइनवर 'मेहनती' लिहिण्यापेक्षा दुरुस्त केलेल्या पंपाचा फोटो टाका. बिघाड काय होता, कसा काढला, तेही लिहा. पंपमालकाला मात्र आधी विचारा.