घर घेऊन येणारा पाहुणा



थंडी पडली की आपल्या सागरी महामार्गावर एक वेगळी गाडी दिसायला लागते. टेम्पो ट्रॅव्हलरएवढी, कधी त्याहून मोठी. खिडक्यांना पडदे, टपावर सोलरची पाटी, मागे सायकली बांधलेल्या. हिला कॅरव्हॅन म्हणतात, कुणी कॅम्परव्हॅन म्हणतं, अमेरिकेत आरव्ही म्हणतात. आत दोन-चार माणसांची झोपायची सोय, छोटा ओटा, फ्रिज, संडास-न्हाणी. मुंबई-पुण्याहून निघायचं, गोव्यापर्यंत जायचं, आणि वाटेत जिथला समुद्र आवडेल तिथे एक-दोन रात्री निवांत थांबायचं. २०२१ साली राज्य सरकारने यासाठी कॅरव्हॅन पर्यटन धोरणही आणलं.

आम्ही मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात बचत गटांचं काम करतो. तिथल्या बैठकांत बाया विचारतात, "ताई, ह्यांची खोली ह्यांच्याबरोबर, चूल ह्यांच्याबरोबर. मग आमच्याकडून हे घेणार तरी काय?"

बरंच घेणार. रिसॉर्ट काढायचं तर खोल्या, गाद्या, एसी, वर लाखोंचं कर्ज. या पाहुण्याला त्यातलं काही नको. त्याला गाडी उभी करायला सपाट, कठीण जागा हवी. पिण्याचं पाणी, विजेचा एक पॉइंट, घाण पाणी टाकायची रीतसर सोय आणि गरम जेवण हवं. आणि शांतता. हे सगळं आपल्या वाडीत आहे, पण नीट मांडलेलं नाही. ते मांडायचं कसं, याचंच आजचं बोलणं.

आधी जागा. ही गाडी तीन-चार टनांची असते आणि वाळूत रुतते, म्हणून पुळणीवर तिला अजिबात येऊ द्यायचं नाही. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, शिवाय नोव्हेंबरपासून पुढे आपल्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात. बंदराजवळची, पण माडांच्या आतली, जांभ्याची टणक जमीन उत्तम. गाडीची उंची साधारण तीन मीटर धरा. पाणंदीवर लोंबणारी वायर आणि फणसाची फांदी आधी बघा, आणि गाडी वळणार कुठे तेही बघा. आम्ही गटांना तीन मीटरची काठी घेऊन रस्त्यापासून जागेपर्यंत चालून यायला सांगतो. एवढ्यानेच निम्म्या अडचणी कळतात. भरतीरेषेजवळ पक्कं बांधकाम करायला सीआरझेडचे नियम आडवे येतात, तेव्हा ओटा बांधण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. सुरुवातीला ओट्याची गरजही नसते.

वीज देताना १६ अँपिअरचा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग हवं, आणि ते काम वायरमनकडूनच करून घ्यायचं. घरातल्या पंख्याच्या पॉइंटवरून वायर ओढून द्यायची नाही. गाडीतला एसी तासाला साधारण एक युनिट खातो. रात्रभरात आठ-दहा युनिटं गेली, तर ती कुणाच्या बिलात? म्हणून सब-मीटर लावा आणि त्यावरून भाडं ठरवा. घरगुती जोडणीवर हे चालेल का, ते महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारा.

आता पाणी. इथे जरा थांबायला हवं, कारण खरा धोका इथे आहे.

गाडीची पाण्याची टाकी शंभर-सव्वाशे लिटरची असते. डिसेंबरात तेवढं पाणी दिलं तर कुणाला कळतही नाही. पण पाहुण्यांची दुसरी लाट मे महिन्यात येते, मुलांच्या सुट्टीत. आणि तेव्हाच आपली बाव तळाला गेलेली असते. एका टाकीत आपल्या एका घराचं दिवसाचं पिण्या-स्वयंपाकाचं पाणी सहज भागतं. म्हणून गटाने बावीत खूण करून ठेवावी. पाणी त्या खुणेखाली गेलं की गाड्या बंद, आधीची मागणी असली तरी. यात गटात वाद होतात. ज्या घराची स्वतःची बोअर आहे तिला ही अट जाचक वाटते. पण कळशी घेऊन लांब जाणारी बाई कोण, हे बैठकीत सगळ्यांना माहीत असतं.

पाणी देणं एक, घेणं दुसरं. गाडीतून दोन प्रकारचं घाण पाणी निघतं. भांड्यांचं आणि अंघोळीचं साबणाचं पाणी एका टाकीत जमतं. ते जाळीतून गाळून केळी, अळू किंवा माडाच्या आळ्यात सोडता येतं. तेलकट पाणी मात्र शोषखड्ड्यात. दुसरं संडासाचं. छोट्या गाडीत ते वीसेक लिटरच्या बंद डब्यात जमतं आणि डबा बाहेर काढून रिकामा करावा लागतो. रिकामा करायला जागा दिली नाही, तर काही लोक रात्रीच्या अंधारात तो खाडीत ओततात. ओहोटीला त्याच खाडीत गुडघाभर चिखलात उभ्या राहून आपल्या बाया मुळे आणि कालवं काढतात. तो चिखलच त्यांचा बाजार आहे. तिथे घाण गेली तर आजारी पडतील ती आपली पोरं, आणि गाडी तोवर गोव्यात पोचलेली असेल.

तेव्हा डबा कुठे ओतायचा, हे पाहुणा उतरतानाच दाखवा. सेप्टिक टाकी बावीपासून लांब हवी. जांभ्यातून आणि रेतीतून पाणी झटकन झिरपतं. डब्यात वास मारायला औषध घालतात. काही औषधं टाकीतले उपयोगी जंतू मारतात आणि मग टाकी तुंबते. जैविक औषध वापरणाऱ्यांनाच ओतू द्या. असं विचारल्यावर कुणी रागावून गेला, तर जाऊ द्या.

जेवणाचं तुम्हाला आम्ही काय सांगणार! घावणे, आंबोळी, सोलकढी, ताजे मासे. एवढंच सांगतो की मागणी सकाळीच घ्या आणि वेळ ठरवा. मोठ्या आरामासाठी आलेला माणूस रात्री साडेदहाला "जरा दोन भाकऱ्या" म्हणतो, आणि पहाटे पाचला उठणारी बाई परत चूल पेटवते. त्याचा आराम आपल्या बाईच्या पाठीवर चढता कामा नये. पाळ्या लावा, रांधणारीची मजुरी त्याच दिवशी द्या, आणि मजुरी काढून उरेल त्यालाच गटाचा नफा म्हणा. अन्न परवान्याची नोंदणी करून घ्या.

हे पाहुणे दिवसभर करतात काय? खरं तर काही नाही. माडाखाली खुर्ची टाकतात, वाचतात, झोपतात. आपल्या बायांना हसू येतं, काही न करायला इतका खर्च! पण हेच विकायचं आहे. ध्वनिक्षेपक नको, पुळणीवर झगझगीत दिवे नकोत. दिव्यांनी कासवांची पिल्लं वाट चुकतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवं बघायला येणारी माणसं गावातल्या घरांत राहतात, घरचं साधं जेवण जेवतात. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बाया होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. असं काही जवळ असेल तर सांगा.

आणि भरती-ओहोटी सांगा. हे ज्ञान आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. पोहायला कधी उतरू नये, ते एका पाटीवर रोज लिहा. पावसाळ्यात हा थांबा बंदच ठेवायचा.

कागदांत दोन गोष्टी विसरू नका. प्रत्येक पाहुण्याचं नाव आणि ओळखपत्र वहीत हवं. परदेशी असेल तर २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो, तो कसा भरायचा ते पोलीस ठाण्यात समजावतात. पैसा लागला तर पर्यटन संचालनालयाचं २०२३ चं 'आई' धोरण आहे. व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. पण आमचं मत विचाराल, तर पहिल्या हंगामात कर्ज नको. एक जागा, एक पॉइंट, एका वेळी दोनच गाड्या. एप्रिलच्या शेवटी वही आणि बावीची खूण दोन्ही बैठकीत आणा, आणि दुसऱ्या पॉइंटचा विचार त्यानंतर करा.