सेवकाची सिद्धता (लेखांक चौथा) : मुलांच्या शिक्षकास ईश्वरविज्ञान कशासाठी?

मागील लेखांकात पाळकाच्या उपदेशकार्यास लागणाऱ्या अध्ययनाचा विचार आपण केला. मंडळीतील मुलांच्या व तरुणांच्या सेवेस जो आपले आयुष्य वाहू इच्छितो, त्याने काय शिकावे व का शिकावे, हा प्रश्न आज हाती घ्यावयाचा आहे. प्रौढांपुढे व्यासपीठावर उभे राहणाऱ्याने सेमिनरीत काही वर्षे काढावीत, शास्त्राचा व मंडळीच्या इतिहासाचा व्यासंग करावा, हे सर्वांस मान्य असते. परंतु रविवारच्या शाळेत मुलांपुढे उभे राहणाऱ्यास गोड गळा, मायाळू स्वभाव आणि पवित्र शास्त्रातील काही कथा अवगत असल्या म्हणजे पुरे, अशी वहिवाट आपल्या मंडळ्यांत पडून गेली आहे. गळ्याचे आणि स्वभावाचे मोल मोठेच आहे. पण विद्येविषयीची ही समजूत मुळातच उफराटी आहे, असे माझे निश्चित मत आहे.

इसवी सन ४००च्या सुमारास कार्थेज येथील देओग्राशियस नावाच्या एका डीकनाने हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याजकडे आपली अडचण मांडली. नवागतांस ख्रिस्ती धर्माची मूलतत्त्वे शिकविण्याचे काम त्याजकडे येई, आणि शिकविताना आपले भाषण लांबते, नीरस होते व आपले आपणासच कंटाळवाणे वाटते, अशी त्याची तक्रार होती. ऑगस्टीनने उत्तरादाखल एक ग्रंथच लिहून पाठविला. तो प्रौढ नवागतांसंबंधी असला तरी त्यातील मर्म मुलांच्या शिक्षकास तंतोतंत लागू पडते. सृष्टीच्या उत्पत्तीपासून मंडळीच्या वर्तमानकाळापर्यंतचा वृत्तान्त कसा सांगावा आणि त्या साऱ्याचे पर्यवसान प्रीतीत कसे करावे, हे त्याने विशद केले, ऐकणारा उभ्याने थकला असेल तर त्यास आसन द्यावे इतक्या बारकाव्यापर्यंत तो उतरला, आणि नमुन्यादाखल एक विस्तृत व एक संक्षिप्त अशी दोन प्रवचने जोडली. त्यांतील संक्षिप्त प्रवचन विशेष विचारणीय आहे. कारण काय गाळावे व काय गाळल्यास सत्याचा प्राणच जाईल, याचा निवाडा ज्याच्या चित्तात समग्र वृत्तान्त नांदत असतो तोच करू शकतो.

हीच गोष्ट पुढे मार्टिन ल्यूथरच्या चरित्रात दिसते. १५२८ साली सॅक्सनी प्रांतातील मंडळ्यांची तपासणी चालली असता लोकांचेच नव्हे, तर कित्येक पाळकांचेही अज्ञान पाहून तो व्यथित झाला, आणि १५२९ साली त्याने दोन प्रश्नोत्तरावल्या प्रसिद्ध केल्या : मोठी मुख्यतः पाळकांसाठी, लहान घरोघरच्या मुलांसाठी. दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांचे विवरण करताना ‘याचा अर्थ काय?’ हा मुलाच्या तोंडचा प्रश्न लहान पुस्तकात पुनःपुन्हा येतो. एवढ्या थोड्या शब्दांत उत्तर देणारा पुरुष विद्यापीठात वर्षानुवर्षे पवित्र शास्त्र शिकविणारा आचार्य होता, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

हा विषय केवळ इतिहासाचा नाही. वर्गातील एखाद्या मुलीची आजी निवर्तते, आणि ती शिक्षकाला विचारते, ‘देवाने तिला का नेले?’ ‘तिची देवाला गरज होती’ हे उत्तर सहज ओठांवर येते. पण त्यातून आपली माणसे हिरावून नेणारा कोणी एक देव त्या कोवळ्या मनात घर करून बसतो. मृत्यू, शोक आणि पुनरुत्थान यांसंबंधीच्या ख्रिस्ती शिकवणुकीचे ज्याने परिशीलन केले आहे, तो तिला सांगेल की लाजराच्या कबरेपाशी प्रभू येशू स्वतः रडला, म्हणून तुझे रडणे अश्रद्धा नव्हे; आणि त्याच कबरेतून आपल्या आशेचा प्रारंभ होतो.

तरुणांची स्थिती आणखी निराळी. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जेम्स फाउलर या अमेरिकन अभ्यासकाने श्रद्धेच्या विकासाच्या अवस्था मांडल्या. त्यांनुसार शाळकरी वयात मूल कथा शब्दशः घेते, आणि पौगंडावस्थेत त्याची श्रद्धा भोवतालच्या प्रियजनांच्या मतांचा रंग घेते. जलप्रलयाची कथा ज्याने सहाव्या वर्षी केवळ प्राण्यांच्या तारवाची मौज म्हणून ऐकली, तोच पंधराव्या वर्षी बुडालेल्यांविषयी, देवाच्या न्यायाविषयी आणि शाळेतील भूगर्भशास्त्राविषयी प्रश्न करू लागतो. अशा वेळी शिक्षकाने मौन धरले किंवा दरडावले, तर तो तरुण प्रश्न टाकून देत नाही, मंडळी टाकून देतो. जुन्या कराराचा वाङ्मयप्रकार, त्याचा काळ व त्याचा हेतू यांचे अध्ययन केलेला शिक्षक त्या प्रश्नाबरोबर निर्भयपणे चालू शकतो.

विद्वत्ता आणि बालसेवा एकत्र नांदू शकत नाहीत, असे ज्यांस वाटते त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनाचे स्मरण करावे. १८९६-९७च्या दुष्काळातून वाचविलेल्या अनाथ मुलींचे पालनपोषण करणाऱ्या पंडिता रमाबाईंनीच हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, सामान्य स्त्रियांसही समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरविण्याचे कार्य आरंभिले. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले व १९२४ साली ते भाषांतर समग्र प्रसिद्ध झाले. मुक्तिसदनातील छापखान्यात त्याच्या छपाईचे काम करणारे हात तेथील स्त्रियांचे व मुलींचेच होते. मूळ भाषांचा इतका खडतर व्यासंग त्यांनी ज्यांच्यासाठी केला, ती माणसे त्यांच्या दाराशी राहत होती.

म्हणून मंडळ्यांच्या पंचांस माझी विनंती अशी की, १८२७ साली डेन्मार्कच्या राजाची सनद मिळालेल्या सेरामपूर महाविद्यालयाशी संलग्न अशा ज्या सेमिनऱ्या आपल्या देशात आहेत, त्यांत पाळकपदाच्या उमेदवारांप्रमाणेच मुलांच्या व तरुणांच्या सेवेसाठी निवडलेल्या माणसांसही पाठवावे, त्यांच्या खर्चाची तजवीज वार्षिक अंदाजपत्रकात करावी, आणि ते परतल्यावर पाळकाच्या बरोबरीचा मान व वेतन त्यांस द्यावे. मंडळीतील सर्वांत लहान माणसापुढे सर्वांत सिद्ध माणूस उभा करणे, हे बालकांस जवळ बोलाविणाऱ्या प्रभूच्या शिष्यांचे कर्तव्य आहे. हे अध्ययन कोणत्या क्रमाने करावे व त्यात बालमानसशास्त्रास कोणते स्थान द्यावे, याचा विचार पुढील लेखांकात करू.