क्लचची वायर आणि दुधाची पिशवी

श्रावण-भाद्रपदातल्या सोमवारी महाकालाची सवारी निघते, तेव्हा उज्जैनच्या जुन्या शहरातले रस्ते बंद होतात आणि सगळी वाहतूक उरलेल्या गल्ल्यांत घुसते. गाडी पहिल्या गिअरवर, अर्धा क्लच दाबून न्यावी लागते. क्लच जड असेल तर मनगट दुखतं, एवढंच. पण रेस सोडल्यावर ती परत आलीच नाही तर? समोर माणसं असतात.

आमच्याकडे बाबांची जुनी हीरो होंडा सीडी १०० आहे. तिचा क्लच, रेस आणि पुढचा ब्रेक, तिन्ही वायरवर चालतात. वायर म्हणजे आत पोलादी तारांचा पीळ आणि बाहेर तारेच्या वेटोळ्यांची नळी. नळी दबत नाही, म्हणून वळणावळणातूनही आतली तार ओढता येते. १८९६ साली अर्नेस्ट बाउडननं इंग्लंडमध्ये याचं पेटंट घेतलं. त्यानंतर कल्पना फारशी बदललेली नाही. दुखणंही तेच: वळणावर तार घासते, आणि लिव्हरजवळच्या तोंडातून उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात पाणी आत जातं. मग गंज.

वंगण (काय छान शब्द आहे, बैलगाडीच्या आसाचा वास येतो त्याला!) घालायला हत्यारं फार लागत नाहीत. लिव्हरजवळचा अॅडजस्टर आत फिरवायचा, त्याची खाच लिव्हरच्या खाचेसमोर आणायची आणि तारेच्या टोकाची गोळी बाहेर काढायची. दुधाच्या धुतलेल्या, कोरड्या पिशवीचा कोपरा कापून तो नळीच्या तोंडावर दोऱ्यानं घट्ट बांधा. पिशवीत दोन-तीन चमचे पातळ तेल ओता आणि तार मधूनमधून वर-खाली करा. मी हे शनिवारी रात्री करतो. रविवारी मिस्साला निघेपर्यंत तेल खालच्या टोकाला आलेलं असतं. रेसच्या वायरचं खालचं टोकही आधी सोडवा, नाहीतर तेल कार्ब्युरेटरमध्ये जाईल. ब्रेकच्या वायरखाली फडकं धरा.

ग्रीस आत भरू नका. ते पुढे सरकत नाही आणि धूळ धरून ठेवतं. ग्रीस फक्त गोळीला लावा, कारण ती लिव्हरमध्ये फिरली नाही की तार तिच्याच मानेशी वाकून वाकून तुटते. तिथे एक जरी धागा तुटलेला दिसला, तर तेलाचा उपयोग नाही, वायर बदला. नव्या काही वायरींना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. त्यांना असं तेल पाजायची गरज नसते.

जोडताना क्लचच्या लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढील ठेवा. अजिबात ढील नसेल तर क्लच प्लेट घसरून जळते. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. इंजिनाचा आवाज वाढला, तर रेसची वायर कुठेतरी ताणली जातेय. ती नीट बसवल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका.