पहाटेची साखर ४८

पहाटे पाच वाजता आई स्वयंपाकघरात उभी होती. गॅस पेटलेला, त्यावर रिकामं पातेलं, आणि ती त्यात चमचा फिरवत होती. "आई, दूध कुठाय?" असं विचारलं तर म्हणाली, "अगं, यांना उशीर होतोय ना ऑफिसला." बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिला धरून खुर्चीत बसवायला गेले, तर पाठीवरचा ब्लाउज घामाने चिंब. जानेवारीची थंडी होती. तोवर माझ्या मनात एकच विचार होता, की विस्मरणाचा आजार आला घरात. ग्लुकोमीटर काढायचं सुचलं ते त्या घामामुळे. आकडा आला ४८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा-वीस मिनिटांनी तिने नेहमीच्या आवाजात विचारलं, "तू एवढ्या पहाटे का उठलीस?"

त्याच्या आदल्याच आठवड्यात आम्ही तिच्या रिपोर्टवर खूश होतो. एचबीएवनसी, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ६.३ आली होती. ७९व्या वर्षी ६.३! बहिणीला फोन करून सांगितलं होतं. इतका चांगला आकडा येतोय कसा, हे मात्र कोणी विचारलं नाही. मीही नाही.

म्हातारपणी मधुमेह सांभाळायचा म्हणजे साखर जमेल तितकी खाली आणायची, असा आमचा समज होता. तो चुकीचा होता. या वयात साखर फार वर जाऊ द्यायची नसते आणि खाली तर मुळीच घसरू द्यायची नसते. असं का, ते म्हाताऱ्या शरीरात साखरेचं काय होतं हे पाहिलं की कळतं.

आपण भाकरी खातो, तिची साखर होऊन रक्तात उतरते, आणि इन्सुलिनच्या सांगण्यावरून ती पेशींमध्ये जाते. जेवणानंतरची ही साखर सगळ्यात जास्त साठवून घेतात ते स्नायू. वय वाढतं तसे स्नायू झिजतात. म्हणजे भाकरी तेवढीच, पण ठेवायचं कोठार लहान. त्यात जेवण सुरू होताच स्वादुपिंडातून इन्सुलिनची जी पहिली लाट यायला हवी, तीही वयाबरोबर मंदावते. म्हणून पुष्कळ वृद्धांची सकाळची उपाशीपोटीची साखर बरी असते आणि जेवणानंतर दोन तासांनी ती बरीच चढलेली सापडते. नुसती सकाळची तपासून निर्धास्त राहिलेली कितीतरी घरं मला माहीत आहेत.

आपल्याकडे तर कोठार मुळातच लहान. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. त्यामुळे 'वजन उतरलं, छान झालं' असं एखाद्या आजोबांना म्हणण्याआधी उतरलं ते काय, हे पाहायला हवं. बहुतेक वेळा त्यात मांड्या-दंडांचे स्नायूही गेलेले असतात.

झाली ही साखर वर जाण्याची बाजू. ती खाली का घसरते, हे मला त्या पहाटेनंतर आमच्या डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढून समजावलं. आईला ग्लिमेपिराइडची गोळी होती. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या एकाच जातीच्या गोळ्या. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवला असा वा नसा. आदल्या दिवशी एकादशी होती. सकाळी थोडी भगर, रात्री कपभर दूध, बस. पण जेवणाआधीची गोळी मात्र तिने नेमाने घेतलेली. दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची. वयाबरोबर त्यांचं काम मंदावतं आणि औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. या बाबतीत ग्लिबेनक्लामाइड सगळ्यात वाईट, वृद्धांना ती देऊच नये असं तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाच्या तपासणीत आईचं क्रिएटिनिन 'नॉर्मल'च्या रकान्यात होतं म्हणून आम्ही बेफिकीर होतो. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. कृश म्हातारीचे स्नायूच कमी, मग मूत्रपिंड थकलेलं असूनही आकडा शहाण्यासारखा दिसतो. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतंय याचा वय धरून काढलेला अंदाज, पाहायचा असतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळीसुद्धा ईजीएफआर ४५च्या खाली गेल्यावर कमी करतात आणि ३०च्या खाली बंदच करतात.

साखर उतरल्याची खूण तरुणपणी ठळक असते. हात थरथरतात, छातीत धडधडतं, कडकडून भूक लागते. मधुमेह जुना झाला की ही धोक्याची सूचना मंद होत जाते. ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर तो थरथर आणि धडधड झाकतो. घाम मात्र झाकत नाही. मग बाहेर दिसतं ते काय, तर असंबद्ध बोलणं, उगाच चिडणं, जीभ जड होणं, चालताना भेलकांडणं. घरचे म्हणतात, वय झालं. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, की मधुमेही म्हातारं माणूस अचानक वेगळं वागायला लागलं तर आधी बोटाला सुई टोचा, वयाला बोल नंतर लावा.

आकडा ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे तीन सपाट चहाचे चमचे, पाण्यातून. लाडू किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तूप-चरबीने साखर रक्तात पोचायला उशीर होतो. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच साखर. वर आली की मग पोळी, दूध-बिस्किट असं काहीतरी पोटात जाऊ द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. १०८ला फोन करून दवाखाना गाठायचा. वर सांगितलेल्या जातीची गोळी पोटात असेल तर एकदा साखर वर आली म्हणून सुटलो असं समजू नये, औषधाचा जोर असेपर्यंत ती पुन्हा घसरू शकते. तो अख्खा दिवस माणूस नजरेखाली हवा.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल, तर घरातली साखर अशा वेळी लवकर लागू पडत नाही. ही गोळी आतड्यात साखरेचे तुकडे होऊ देत नाही, तेच तिचं काम. अशा रुग्णाला ग्लुकोज पावडरच द्यावी लागते, कारण ती आधीच तुटलेली साखर असते. वृद्धांच्या चिठ्ठीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज या तिन्हींची मिळून एकच गोळीही असते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते भिंग घेऊन वाचा.

मग आकडा किती असावा? २००८च्या फेब्रुवारीत अमेरिका-कॅनडात चाललेल्या 'अकॉर्ड' या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवावा लागला. त्यात हृदयविकाराचा धोका असलेले १०,२५१ मधुमेही होते, सरासरी वय ६२. अर्ध्यांची एचबीएवनसी ६च्या खाली आणायचा कसून प्रयत्न झाला, बाकीच्यांची ७ ते ७.९मध्ये ठेवली. कसून उपचार केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. तेव्हापासून वृद्धांसाठीचे हिशेब बदलले. हिंडतं-फिरतं, डोकं शाबूत असलेलं माणूस असेल तर ७ ते ७.५पर्यंत, तीन-चार आजार किंवा विसराळूपणा असेल तर ८पर्यंत, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत सरासरीच्या मागे लागायचंच नाही, साखर घसरू नये आणि चढून त्रास होऊ नये एवढंच पाहायचं. यामागचं कारण मला पटलं. साखर घट्ट बांधून ठेवल्याने डोळे-मूत्रपिंड वाचतात, पण तो फायदा पदरात पडायला बरीच वर्षं लागतात. साखर उतरून न्हाणीघरात पडून खुबा मोडतो तो आज रात्री.

ही सरासरीही डोळे झाकून मानू नये. एचबीएवनसी लाल पेशींवर चिकटलेल्या साखरेवरून काढतात आणि लाल पेशी जगते सुमारे १२० दिवस. अंगात लोह कमी असेल तर आकडा खोटाच चढतो. रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर खोटाच उतरतो. अशा वेळी बोटावरची साखर खरी. तीही हात धुऊन पुसल्यावर. केळं सोललेल्या बोटाने तपासलं तर आकडा भलताच येतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरात मी आधी सिरिंजचं टोपण बघते. लाल टोपणाची सिरिंज ४०च्या बाटलीसाठी (म्हणजे एका मिलीत ४० युनिट), केशरी टोपणाची १००च्या. बाटली १००ची आणि सिरिंज लाल असेल, तर २०च्या रेघेपर्यंत ओढलेलं इन्सुलिन २० नसून ५० युनिट असतं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना लाल आणि केशरी सारखेच वाटू शकतात. नवी बाटली आणली की दुकानातच सिरिंज तिच्याशी ताडून घ्यावी. वापरातली बाटली साधारण चार आठवडे बाहेर राहते, पण विदर्भाच्या मे महिन्यात नव्हे. फ्रीज नसेल तर हवाबंद पिशवीत घालून ओल्या मातीच्या भांड्यात ठेवावी. फ्रीझरमध्ये गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं.

जेवणाचं म्हणाल तर भाताला शिव्या देणं पुरे झालं. दात गेलेल्या माणसाचं ताट बघा: मऊ भात, चहात बुडवलेलं बिस्किट, खारी. सगळं पिठाचं, स्नायूंसाठी काही नाही. त्यात मुगाचं धिरडं, पिठलं, घट्ट वरण, दही, चालत असेल त्यांना अंडं, हे आधी वाढायला हवं. उपास सोडा असं मी आईला म्हटलं नाही, ती ऐकणारही नव्हती. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिठूळ, म्हणून वाटीभर खिचडीऐवजी राजगिरा, दही, दाण्याची आमटी. आणि उपासाच्या दिवशी गोळी किती, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं ओट्यावर फेऱ्या. चालता स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतो, आणि कोठारही टिकतं.

पायांबद्दल एकच: गरम पिशवीचा शेक नको. बधिर पायाला चटका कळत नाही, दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. देवळाच्या तापलेल्या फरशीचंही तेच. रोज रात्री तळवे कोणीतरी बघावेत. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, त्यात शाकाहारी माणूस असेल, तर बधिरपणा बी-१२च्या कमतरतेचाही असू शकतो. ते तपासून घेता येतं.

एवढं वाचून साखर वाढली तरी चालते असं कोणी समजू नये. साखर १८०च्या आसपास गेली की लघवीत उतरायला लागते आणि सोबत पाणी नेते. म्हातारपणी ही पातळी अनेकदा वर सरकते आणि तहानही कमी लागते, त्यामुळे 'खूप तहान, खूप लघवी' ही पाठ केलेली लक्षणं दिसतीलच असं नाही. ताप, जुलाब किंवा दम्यासाठी दिलेली स्टिरॉइडची गोळी एवढं निमित्त पुरतं. साखर ६००च्या पुढे जाते, अंग कोरडं पडतं आणि माणूस गुंगीत जातो. जीभ सुकलेली, लघवी कमी, दिवसभर झोप आणि मीटरवर ३००च्या वर आकडे असतील तर सकाळची वाट पाहू नये.

आईची ती गोळी डॉक्टरांनी बंद केली. त्याऐवजी आता लिनाग्लिप्टिन आहे. जेवण चुकलं तरी ती एकटी साखर पाडत नाही आणि मूत्रपिंड थकलेलं असलं तरी चालते. गेल्या महिन्यातली सरासरी ७.६. ग्लुकोज पावडरचा डबा चहा-साखरेच्या शेजारी असतो, त्यावर तिने स्वतःच्या अक्षरात 'माझं' असं लिहून चिकटवलंय. पहाटे पातेल्याचा आवाज आला की मी अजूनही उठून जाते. ती दूध घालत असते.