ॲल्युमिनियमच्या यंत्रभागांचें मार्जन

मोटारीचें इंजिन खोललें म्हणजे सिलिंडर हेड, पिस्टन इत्यादि भाग काजळीनें व जळक्या तेलानें काळेठिक्कर पडलेले दिसतात. आजकाल हे भाग बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. कारण बिडाचें विशिष्ट गुरुत्व सुमारें ७.२, तर ॲल्युमिनियमचें अवघें २.७. परंतु बिडास मानवणारा उपाय ॲल्युमिनियमवर योजिल्यास भाग स्वच्छ न होतां नष्ट होतो. असें कां होतें, तें आम्ही येथें सांगणार आहों.

हा धातु उघडा दिसतो, पण वस्तुतः तो उघडा नसतो. हवा लागतांच प्राणवायूशीं संयोग होऊन त्यावर एक पारदर्शक पापुद्रा चढतो. त्याची जाडी मिलिमीटरचे कांहीं दशलक्षांश भाग एवढीच. तथापि तोच आंतील धातूचें रक्षण करितो. लोखंडाचा गंज सुटून पडतो, हा पापुद्रा घट्ट चिकटून राहतो.

आतां कॉस्टिक सोड्याचा कढत द्राव घ्या. बिडाचे भाग त्यांत बुडवून तेल व रंग काढण्याची रीत आहे, व लोखंडास त्यापासून फारसा अपाय होत नाहीं. ॲल्युमिनियमचा भाग टाकिला कीं प्रथम तो पापुद्रा विरघळतो, मग खुद्द धातूच विरघळूं लागतो, आणि हायड्रोजन वायु फसफसून बाहेर पडतो. हा वायु ज्वालाग्राही आहे. शिवाय द्रावाचा थेंब डोळ्यांत उडाल्यास दृष्टि जाण्याचें भय. हातीं उरतो तो आटे झिजलेला, काळवंडलेला भाग. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत धुण्याचा सोडा उकळला असतां पातेलें काळें पडतें, हें ज्यांनीं घरीं पाहिलें असेल त्यांस अधिक सांगणें नको.

मग करावें काय? काजळी लांकडी अगर प्लास्टिकच्या पट्टीनें खरवडावी. पोलादी पट्टी या मऊ धातूंत चरे पाडते. नंतर भाग रॉकेलांत भिजवून केसांच्या ब्रशानें घासावा, व विस्तव दूर ठेवावा. पेट्रोल कधींहि वापरूं नये. त्याची वाफ जमिनीलगत पसरून दूरच्या ठिणगीनेंहि पेट घेते. शेवटीं साबणाच्या ऊन पाण्यानें धुऊन, तेलाचीं भोकें मोकळीं करून, भाग पूर्ण कोरडा करावा.

गास्केट जेथें बसतें त्या सपाट पृष्ठास विशेष जपावें. विजेच्या घर्षणचक्रीनें तें मिनिटभरांत चकाकतें खरें. पण डोळ्यांस न दिसणारा खळगा पडतो, व त्यांतून पाणी अगर वायु झिरपूं लागतो. चक्रीचे कठीण कण तेलाच्या वाटेनें बेअरिंगांत शिरले तर सबंध इंजिन निकामी होतें. चकाकीपायीं केलेला हा सौदा आम्हांस तरी महागाचा वाटतो.

बाहेरचीं झांकणें मात्र हौसेनें उजळावींत. पॉलिश कागद पाण्यांत भिजवून प्रथम जाडा, मग बारीक असा वापरावा, व अखेर कापडी चाकावर पॉलिश लावावें. रंग द्यावयाचा असल्यास आधीं ॲल्युमिनियमकरितां मिळणारें खास अस्तर द्यावें. एरवीं रंगाचे पोपडे निघतात.